बारा तेवीस

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात
सोलापुरात एक दिवस असा येतो
की सावली पायाखाली जाऊन बसते.
छत्तीस वर्षं मी हे फळ्यावर शिकवलं
आणि एकदाही गच्चीवर जाऊन पाहिलं नाही.
शाळेला तेव्हा सुट्टी असते, हे खरं.
ऊन लागतं, हे जास्त खरं.

आता अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात
हिशेब लिहितो. काल जेवणाच्या सुट्टीत
एक रिकामी कांडी घेऊन वर गेलो,
कोब्याची सपाट जागा बघून ती उभी केली.
मागोमाग राजमणी गुंडेटी आली, घडी खात्यातली,
माझीच विद्यार्थिनी, भूगोलात पस्तीस.
मग मैनोद्दीन जॉबर.
मग इरण्णा, हातात अर्धी कडक भाकरी तशीच.

बारा पाचला सावली बोटाच्या पेराएवढी होती.
सव्वाबाराला तांदळाएवढी.
बारा तेवीसला कांडी नुसतीच उभी,
पत्ता नसलेल्या माणसासारखी.

"नीड लेदु," राजमणी पुटपुटली.
तिच्या घरी सावलीला नीड म्हणतात.
इरण्णानं एक पाय उचलून पाहिला.
होती, तिथंच, चपलेखाली दडून.

मग मी बोलत सुटलो. खोड.
पृथ्वी कलून चालते, म्हटलं,
कमरेवर घागर घेतलेली बाई चालते तशी,
म्हणून सूर्य आपल्या डोक्यावरून वर सरकतो,
भोपाळच्या थोडं पुढं जाऊन माघारी फिरतो,
ऑगस्ट लागता लागता पुन्हा इथं, बरोबर माथ्यावर.
फक्त तेव्हा दिसत नाही. ढग असतात.

"ढग असतात," मैनोद्दीन म्हणाला,
"पाऊस नसतो."

आणि राजमणीनं विचारलं,
"सर, तुम्ही सांगितलेलं, आपण पर्जन्यछायेत राहतो.
ती सावली कधी जाते? किती वाजता?"

छत्तीस वर्षांत, एवढ्या चाचण्या, एवढ्या सहामाह्या,
हा प्रश्न कुणी काढला नव्हता.
पस्तीसचे मी मनातल्या मनात सत्तर केले.

ती सूर्याची नाही गं, म्हटलं, डोंगराची.
समुद्रावरून वारा भरल्या पखालीसारखा येतो,
सह्याद्री चढताना गार पडतो, तिकडंच सगळं ओततो,
आणि घाट उतरून तापत तापत
रिकामी पखाल खांद्यावर टाकून
आपल्या दारावरून जातो. पाणी मागितलं तर
तोच आपल्याकडं मागेल.

ती सावली जात नाही.

कुणी काही बोललं नाही. खाली एक माग चालूच होता.
मला उगीच अपराधी वाटलं, जणू डोंगर मीच रचला.

मग म्हणालो, पण सप्टेंबरात वारा पाठ फिरवतो.
तेव्हा आपला खरा पाऊस येतो, उपसागराकडून,
तेलंगणावरून, उगवतीच्या बाजूनं,
तुझा पणजोबा धोट्या पदरात बांधून
ज्या वाटेनं इथं आला, साधारण त्याच.

"म्हणजे आमच्याकडचा," ती म्हणाली,
आणि टॉवेलचा एक धागा तोंडात धरून हसली.

आणि पेरूजवळचं समुद्राचं पाणी कोमट झालं की
तोही पाऊस बऱ्याचदा रुसतो, मी जोडलं.
"पेरूजवळचं?" इरण्णा थबकला.
फळ नाही रे, देश.
पृथ्वीच्या पार पलीकडं. त्या कोमट पाण्याचा
आणि तुझ्या चौथ्या दिवशी येणाऱ्या नळाचा
संबंध आहे.
त्यानं माझ्याकडं असं पाहिलं
की मी उन्हात फार वेळ उभा असावा.

आपण विणलेले टॉवेल तिकडच्या किनाऱ्यांवर जात असतील.
ओल्या माणसांची अंगं पुसत असतील.
समुद्र न पाहिलेल्या या चौघांनी
समुद्राचं एवढंच केलंय आजवर: टिपलाय.
हे मात्र मी बोललो नाही.

भोंगा झाला. साडेबारा.
कांडीची सावली परत आली होती,
दुसऱ्या बाजूला, पूर्वेकडं,
तांदळाएवढी.
राजमणीनं कांडी उचलून ओच्यात टाकली,
कारखान्याची आहे म्हणून.