भाकरी फुगत नाही

तक्रार एवढीच: भाकरी फुगत नाही.
पाषाणला, सूस रोडच्या मागच्या गल्लीत, पत्र्याची खोली.
सगुणाबाई मेमाणे. रोज एकशे चाळीस भाकऱ्या,
अकराच्या आत.
"आच मेली शेगडीची," म्हणाल्या, "आठ दिवस झाले.
तवा तापतो, पण मनापासून नाही."

मी पिशवी उघडली.
आधी इंधनाच्या गोळ्या: उसाचा चोथा, भुईमुगाची टरफलं.
एक मोडली. कट्‌ असं वाजलं पाहिजे.
वाजलं. म्हणजे ओल नाही.
मग राख. कुंड उलटं केलं वर्तमानपत्रावर.
तळाशी खंगर,
भट्टीत जास्त भाजलेल्या विटेसारखं, काळं, काचेरी.
खरवडलं.
हवेची भोकं चोवीस. सायकलच्या तारेनं एकेक मोकळं केलं,
नुकत्या टोचलेल्या कानात कडुनिंबाची काडी फिरवतात
तितक्या हलक्या हातानं.

पेटवली.
जाळ पिवळा, आळशी,
तव्याला शिवून परत खाली बसणारा.

तेव्हा बटण दिसलं.
पंखा एकवर.
"तीनवर का नाही?"
त्या पीठ मळत राहिल्या.
मग हनुवटीनं कपाटाकडे खूण केली.

कपाटामागे, युनिफॉर्मच्या शर्टासकट, एक माणूस झोपलेला.
बालेवाडीतल्या कुठल्याशा टॉवरवर रात्रपाळी,
सातला घरी.
"तीनवर घरघर करतो. यांना जाग येते.
मागच्या महिन्यात खुर्चीत डोळा लागला तर
सुपरवायझरनं फोटो काढला."

आच कमी होण्याची अठरा कारणं
मला चाकणच्या ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतली होती,
चहा-बिस्किटासकट.
हे त्यात नव्हतं.

पंखा खोलला. पात्यांवर ज्वारीचं पीठ,
एका बाजूला जास्त. घरघर तिथली.
आणि एक स्क्रू ढिला.
जुनी ट्यूब कापून नाण्याएवढे चार तुकडे केले,
चारी पायांखाली सरकवले.
एक.
दोन. कान दिला.
तीन.
शेजारच्या खोलीत कुणी भात पाखडतंय एवढाच आवाज.

आच उभी राहिली.
त्यांनी भाकरी टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली,
कड सुटली
आणि टम्म.
नेमकी तेव्हाच कपाटामागे कूस बदलली.
आम्ही दोघं चोरासारखे थांबलो.
मग घोरणं परत लागलं.

दीडशे म्हणालो. शंभर दिले, आणि दोन भाकऱ्या,
कागदात, वर ठेचा.
शेगडीच्या पाठीवरच्या स्टिकरवर बोट ठेवून विचारलं,
"पुन्हा बिघडली तर इथं फोन करू ना?"

ती कंपनी उठून तीन वर्षं झाली.
मी त्याच्याखाली पेनानं माझा नंबर लिहिला.
पत्रा गरम, शेवटचा आकडा फराटला.
नऊ आहे, एक नाही,
दोनदा सांगितलं,
हळू.