पन्नास मिनिटं उशिरा

सोमवारी लिंक गेली दोन वाजून दहा मिनिटांनी.
मंगळवारी तीनला.
बुधवारी चारला दहा कमी असताना.
हे मी लिहून ठेवलं नव्हतं.
मी केबल बदलत होते.

चिलोएच्या या बेटांवर पाऊस येत नाही,
तो इथलाच रहिवासी, आम्ही त्याचे भाडेकरू.
म्हणून पहिला संशय त्याच्यावर.
कनेक्टर उघडला: आत नखाएवढा हिरवा गंज.
नवा बसवला, रबरी पट्टी खालून वर गुंडाळत नेली,
छपराच्या फळ्या एकीवर एक चढवतात तशी,
थेंबाला फट मिळू नये म्हणून.
मग खांबावर, कमरेला पट्टा,
डिश केसभर डावीकडे, केसभर वर,
आणि खाली रेमिहिओ, लॅपटॉपवर पिशवी धरून ओरडतोय:
उणे सत्तर! उणे सहासष्ट!
उणे बासष्ट! हात काढ आता!

आमच्या धंद्यात सगळंच उणे.
कमी उणे म्हणजे बरं चाललंय.
घरीही तसंच असतं.

बासष्टवर खूश होऊन शेवटच्या होडीने परतले.
गुरुवारी शाळेतून निरोप:
नऊ मुलं, एक पडदा,
आणि फुटता फुटता थांबलेला ज्वालामुखी.
रेडिओ बदलला. वीज पुरवणारा डबा बदलला.
चॅनेल बदलला, जमिनीत तांब्याची कांब ठोकली.
शेवटी शिव्या बदलल्या.

दोमितिला चिगुआय सगळं बघत होती
शिंपल्यांची टोपली काखेत धरून.
म्हणाली, तुझं यंत्र ना,
मी या धुऊन चुलीवर ठेवते तेव्हाच मरतं.
मी हसले.
हसू अर्ध्यावर राहिलं.
पाणी चढून किनारा बुडला
की हिचं खणणं संपतं.

तिच्या स्वयंपाकघरात एक वही.
मुलगा एलेउतेरिओ दूर दक्षिणेत, सामन माशांच्या बोटीवर.
त्याचा फोन मध्येच तुटला की ती पेन्सिलने वेळ टिपते,
का, ते तिलाही सांगता आलं नाही.
वहीशेजारी भिंतीवर भरतीचं कोष्टक, बंदर कचेरीचं, तेलकट.
मी दोन्हींवर एकेक बोट ठेवलं
आणि खाली सरकत गेले.
रोज पन्नास मिनिटं उशिरा.
चंद्राइतकी. नेमकी.

एक लहर सरळ जाते.
दुसरी पाण्यावर आपटून, जरा मागून पोचते,
आणि तेच बोलणं पुन्हा बोलून पहिलीला खोडते.
ओहोटीला खाली दगड, चिखल, शेवाळ,
त्यांच्याकडून फारसं काही परतत नाही.
भरतीला आरसा.
मी आठवडाभर लोखंड तपासत होते.

अशा वेळी सगळे अँटेना उंच नेतात.
मी तो खाली आणला,
कड्याच्या काठावरून चाळीस पावलं मागे,
जिथून समोरच्या बेटावरचा खांब दिसतो
आणि समुद्र अजिबात दिसत नाही.
ती जागा निघाली दोमितिलाच्या बटाट्यांत.
दोन सरी गेल्या. तिने भाव केला:
रेमिहिओने हंगामभर खत म्हणून समुद्री शेवाळ वाहायचं.
तो अजून कुरकुरतो.

पौर्णिमेला मी मुद्दाम राहिले.
पाणी होड्यांच्या दोरांपर्यंत आलं,
आकडा एकाहत्तरपर्यंत घसरला,
डगमगला,
राहिला.
मुलांनी ज्वालामुखी पुरता फुटलेला पाहिला.
एकाने विचारलं, एवढंच?

आत फोन वाजला.
हवा कशी. बरी. बोट. बरी.
पाठदुखी. आहे.
मग दोघंही गप्प, दोन्हीकडे चूल नि इंजिन ऐकू येत होतं.
एरवी एव्हाना तुटला असता.
दोमितिलाने माझ्याकडे पाहिलं,
मीच काहीतरी मोडलंय अशा नजरेने,
मग पदराखालचे हात पुसत, अवघडून,
त्याला विचारलं, तू जेवतोस का रे नीट?

वही तिने अजून ठेवलीय.
पेन्सिल दोऱ्याने बांधलेली.