'ळ'चं पोट

रविवारी मटण त्यांचं.
ओट्याशी उभे राहतात, एक पाय दुसऱ्या पोटरीला टेकवून,
परांचीवर बोर्ड लिहिताना राहायचे तसे.
"अजून उघडला नाही," म्हणतात.
कोण?
"तांबडा."
तेलात चटणी पडते,
आधी विटकरी, मग शेंदरी,
मग कधीतरी तिला स्वतःचं नाव आठवतं.
तोवर पळी हलत नाही.

मी फ्रीजला पाठ लावून खाली, मांडीवर पुस्तक.
वाचायचं काम माझं.
त्यांना वाचता येत नाही असं नाही,
चाळीस वर्षं अक्षरांवरच पोट होतं:
साडी सेंटरं, रसवंत्या, 'उधारी बंद',
सात निवडणुका, सगळ्याच पक्षांच्या.
मग फ्लेक्स आला
आणि ब्रश रॉकेलच्या डब्यातच राहिले.
पण छापील पान समोर धरलं
की अर्थ आपला बाजूला होतो,
माणूस काना-मात्रा न्याहाळत बसतो.
म्हणून मी मोठ्यानं वाचते,
कुकरच्या शिट्टीला थांबते,
पुन्हा ओळ पकडते.

त्या रविवारी गोष्टीतली बाई
दिवा न लावता उठली होती,
"आणि ती त्याच्या जवळ..."
"थांब की जरा. काय शब्द होता?"
जवळ.
"त्यातला 'ळ' दाखव."
आले पळीसकट. वाकले.
"ह्याचं पोट बघ. छापणाऱ्यानं उपाशी ठेवलंय गं."
आणि टपकन एक थेंब,
पान एकशे बारा.

वाचनालयाचं पुस्तक आहे अहो!
त्यांनी पावडर टाकली, फुंकली, बोटानं पुसलं,
डाग चार ओळी खाली उतरला,
भोवती तेलाचं खळं.
त्यावर म्हणतात काय, तर
"रंग मात्र आत्ता उघडला."

मी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.
पांढरा दोनदा घेतला, वाटी नुसती पुढं सरकवून.

सोमवारी "येतो" म्हणून निघाले.
(आमच्याकडं बायकाही 'येतो'च म्हणतात,
पुण्याची जाऊ अजून हसते.)
दंडाचे पैसे मुठीत.
चौगलेबाईंनी चष्मा वर केला, पानं उलटली:
चाळीसवर हळदीचा अंगठा,
सदुसष्टवर कपाची गोल कड,
नव्वद-एक्क्याण्णवच्या मधे
वाळून काच झालेलं भाताचं शीत.
"आणि हे तुमचं," म्हणाल्या, "ताजं दिसतंय.
दंड कुणाकुणाला लावू?"
शिक्का मारला, पुस्तक मागं ठेवलं.
मी पैसे तसेच घेऊन गंगावेशीत गेले,
म्हशीच्या धारेचं दूध घेतलं.
किटली घरापर्यंत कोमट होती.

ते गॅलरीत. गुडघ्यावर जुन्या कॅलेंडरची पाठ,
शेजारी दोन सारखे स्टीलचे पेले,
एकात चहा, एकात ब्रश,
कुठल्यात कुठला ते त्यांनाही नक्की नसावं.
कागदभर एकच 'ळ'.
दोन्ही गाठी टम्म फुगलेल्या,
कडेला पातळ तांबडा झिरपत गेलेला.
"जेवल्यासारखा वाटतो का?"
मी म्हटलं, जरा जास्तच.

बराच वेळ काही नाही.
खाली कुणीतरी स्कूटरला लाथा घालत होतं.
मग कागदावरून मान न उचलता:
"त्या बाईचं पुढं काय झालं?
दिवा न लावता उठली होती ती."

म्हणजे ऐकत होते.
चाळीस वर्षांत मला वाटलं होतं, फक्त बघतात.

पुस्तक दिलं परत, म्हटलं.
"मग वाक्य अर्धंच राहिलं की."
मी स्टूल ओढलं. बसणार,
तेवढ्यात आठवलं, किटली उन्हात आहे.
उठा, आधी दूध तापवा, म्हटलं, नासेल.
आणि तो पेला ठेवा खाली,
तो ब्रशचा आहे.