कठीण बी

जालन्यात मंठा चौफुलीच्या अलीकडं
बियाणं कंपनीची प्रयोगशाळा आहे.
नऊ वर्षांपूर्वी मी तिथं चिमटा धरायला शिकले.
शिकवलं मुक्ताराम खरातांनी.
ओल्या कागदावर मुगाचे शंभर दाणे,
दहा-दहाच्या ओळी, गुंडाळी, रबर,
आणि आठव्या दिवशी उलगडून मोजायचं.

"जयमाले, घाई नको करू.
उगवला नाही म्हणून दाणा मेलेला नसतो.
चिमट्यानं दाबून बघ. मऊ लागला तर मेला.
टणक लागला, तर तो अजून विचार करायलाय."

मी हसले होते.
तक्त्यात त्याला 'कठीण बी' म्हणतात,
वेगळा रकाना असतो.

मग मी बाहेरून एम.एस्सी. केलं.
पुण्याच्या साहेबांना माझ्या स्लाइड आवडल्या.
केबिन मिळाली, काचेची.

पहिल्या दिवशी मी आत शिरले
तर काका स्टुलावरून उठले.
बसा हो, म्हणलं.
दुसऱ्या दिवशी परत उठले.
तिसऱ्या दिवशी मी काही म्हणलं नाही.

त्यांच्या डब्यातली कारळाची चटणी
आता वरच्या मजल्यावर येत नाही.
तिथं अधिकाऱ्यांचं टेबल वेगळं.
भिंतीवर पोस्टर : आपण सारे एक कुटुंब.

मार्चात फॉर्म आले. सात माणसं, पाच श्रेणी,
आणि सगळ्यांना एकच प्रश्न :
पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं पाहता?
काकांनी लिहिलं : घरी.

एचआरचा पोरगा फोनवर फार गोड बोलतो.
"मॅडम, सगळेच चांगले, हे सिस्टीम घेत नाही.
एक जण तरी खाली लागतोच."
म्हणलं, अरे, सातही उगवलेत.
"हो मॅडम. पण कर्व्ह."

काल दुपारी काचेवर टकटक.
काका आत आले, बसले नाहीत.
"पोरं नवी हैत सगळी. नईमचं आत्ताच लग्न झालं.
माझी दोनच वर्षं राहिली.
मला टाका खाली, मॅडम."
आणि ट्रे धुवायला गेले.
नळ बराच वेळ चालू होता.

सहाला सिस्टीम बंद होते.
पावणेसहा झालेत, एक रकाना रिकामा आहे.

टाका, म्हणाले.
टाक जयमाले, असं म्हणाले असते
तर भांडता तरी आलं असतं.