चौकटीबाहेरचे हात

पुंता आरेनासमध्ये वारा पिसाळला
की चौकात दोर बांधतात,
माणसं धरधरून कोपरा ओलांडतात.
त्या दिवशी मी खिडकी लावून
रोसाउराला वेबपानात बसवत होतो.

रोसाउरा बंदराच्या सूचना हातांनी सांगते,
ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी.
चाळीस सेकंद, राखाडी स्वेटर, मागे कोरी भिंत.
हातचं राखून बोलणं तिला जमत नाही.
"नाही" म्हणायचं तर हात पार खांद्यापलीकडे झटकते,
ओल्या कपड्यातलं पाणी झटकावं तसा.

ब्राउझरची अट होती:
आवाज बंद असेल तरच व्हिडिओ आपोआप सुरू होईल.
मी "म्यूट" लिहिलं आणि हसलो.
इथे बंद करायला होतं काय?

लॅपटॉपवर ती मावली.
प्रतीक्षागृहातल्या टीव्हीवर मावली.
उभ्या फोनवर मात्र वर-खाली काळे पट्टे आले,
दुखवट्याच्या पत्राला असतात तसे.
मी एक ओळ बदलली.
व्हिडिओनं चौकट भरून टाकली, काठोकाठ.
देखणा दिसला.

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात.
मी अंथरूण पाहून हात कापले.

सामुद्रधुनीपलीकडे, पोर्वेनिरच्या धक्क्यावर
नेलिदा बार्रियेंतोस
तडा गेलेल्या फोनवर तोच व्हिडिओ तीनदा पाहत होती.
आधी गरगरणारं चक्र, मग रोसाउरा:
फेरी. आज. दोन वाजता.
मग खांदा हलला, कोपर हललं
आणि पुढचं सगळं
फोनच्या कडेवरून पाण्यात पडलं.

चार वाजेपर्यंत उभी होती ती.
लोकरीची दोन गाठोडी, बहिणीसाठी चीज.
फेरी आली नाही. येणारच नव्हती.

हे मला एलिसेओनं सांगितलं,
धक्क्यावर नावांचे दोर बांधणाऱ्यानं.
चिडला नाही.
दारात उभं राहून हात खांद्यापलीकडे झटकला.
मग एक पाऊल सरकला,
अर्धा भिंतीआड,
आणि पुन्हा झटकला.

मला फक्त खांदा दिसला.

ती ओळ मी त्याच संध्याकाळी काढली.
पट्टे परत आले, एक वर, एक खाली.
मॅनेजरबाई म्हणाल्या, केवढी जागा वाया जातेय.
म्हटलं, जाऊ द्या.
वाऱ्यानं दिवे दोनदा गेले, दोनदा आले,
आणि त्या काळ्या पट्ट्यांमधल्या बोटभर उजेडात
रोसाउरा लहानशी, पण दोन्ही हातांसकट, उभी होती.

आता माझ्या खणात एक जुना फोन असतो,
कोपऱ्यात तडा, बॅटरी फुगलेली.
नवं पान झालं की आधी तो उघडतो,
बाकीचं नंतर.
बघतो,
नकार पुरता मावतोय का.