शेवटचा अर्धा फेरा

पहाटे पावणेचारला,
गंगावेशीतल्या म्हशीसुद्धा अजून रवंथ करत बसलेल्या असतात
तेव्हा मी चावी खांद्यावर टाकून निघते.
चावी म्हणजे खिशातली नव्हे.
माझ्या छातीएवढी उंच, लोखंडाची, टोकाला चौकोनी खाच,
वर आडवी मूठ, आप्पांच्या तळव्यांनी गुळगुळीत केलेली.
अंधारात बघणाऱ्याला वाटतं,
पोरगी गदा घेऊन कुणाच्या वाइटावर निघालीय.

पहिला व्हॉल्व्ह तालमीच्या मागं.
झाकण उचलायचं, आधी बॅटरी मारायची
(एकदा आत नाग होता, थंडीला आलेला),
मग चावी बसवून फिरवायची, मनातल्या मनात मोजत.
आत पोरं बैठका मोजत असतात.
त्यांचे आकडे माझ्या आकड्यांत शिरतात,
मी थांबते, आठवते, पुढं जाते.

आप्पांची वही आहे माझ्याकडं.
एका पानावर सगळी पेठ:
तालीम, साडेअकरा फेरे.
पिठाची गिरणी, नऊ. जाम आहे, शिव्या देऊ नये.
बोळ नंबर तीन, चौदा. शेवटचा अर्धा हळू.
का हळू, ते कुठंच लिहिलेलं नाही.

अनुकंपावर लागले तेव्हा इंगवले साहेब म्हणाले,
"कर्तव्य समजून काम कर, बाळ."
मी मान हलवली.
तो शब्द मला शाळेच्या भिंतीवर भेटलेला,
निळ्या ऑइलपेंटात, खाली देणगीदाराचं नाव.
घरात कुणी उच्चारल्याचं आठवत नाही.
आप्पा म्हणायचे, "उद्या तीन नंबरची पाळी हाय."
आई म्हणायची, "मग जेवून झोपा लवकर."
एवढंच.

लोक म्हणतात, अमक्यानं संसारावर पाणी सोडलं,
तमक्यानं जमिनीवर,
आणि मग जरा गप्प होतात.
आप्पा तर रोजच पाणी सोडायचे
आणि परत येऊन चहा मागायचे.
त्यांनी कशाकशावर सोडलं, मी कधी विचारलं नाही.
मामाच्या लग्नाच्या फोटोत ते नाहीत.
माझ्या बारशाच्याही.

ते गेले त्या रात्री
उजाडताना तीन नंबरची पाळी होती.
कृष्णातदादा बांबू बघायला गेलेला.
आईनं त्यांच्या ओठांत चमच्यानं पाणी घातलं,
ते गालावरून ओघळलं, उशीत गेलं.
मी उठले. चावी दाराआड होती.
कुणाला काही सांगितलं नाही.

लहानपणी त्यांच्या मागं जाऊन मोजलेले चौदा फेरे.
वही तेव्हा सापडली नव्हती.
रडत होते का, माहीत नाही, मोजत होते.
शेवटचा अर्धा भसकन फिरला
आणि बोळाच्या टोकाला कुणीतरी ओरडलं.

सावळाबाई तिप्पे.
एकच खोली, मोरीला लागून अंथरूण,
नळाला तोटी नाही, चिंधी बांधलेली.
पाणी जोरात आलं की चिंधी उडते, म्हातारी भिजते.
"साताप्पा," आतूनच म्हणाल्या,
"आज काय झालं रं तुला?"

मी बोलले नाही. बोलले असते तर कळलं असतं.
झाकण लावलं
आणि त्यावर चावी दोनदा आपटली,
पाणी सोडलंय हे सांगायला ते आपटायचे तशी.

आता सावळाबाई लेकीकडं, उचगावला.
खोलीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान झालंय,
नळ बुचानं बंद.
तरी तीन नंबरचा शेवटचा अर्धा मी हळू फिरवते.
का, ते मीही वहीत लिहिलेलं नाही.

गिरणीच्या व्हॉल्व्हला मात्र काल शिवी दिली.
दुपारपर्यंत हलला नाही.