डब्यातलं तांबं

रोज सकाळी तो एक जानेवारीला जागा होतो,
एक जानेवारी दोन हजार नऊ, रात्रीचे बारा.
काळ्या पडद्यावर विचारतो, पुढे जाऊ?
मी एफ-वन दाबते, हाताने तारीख घालते,
तेवढ्यात कुकरच्या दोन शिट्ट्या होतात
आणि सिडकोचं पाणी जातं.
तारीख चुकली तर जीएसटीचं पान उघडत नाही.
त्याच्या लेखी हा कर अजून जन्मालाच आलेला नाही.
खरं सांगू? त्या दोन मिनिटांत
मलाही जरा बरं वाटतं.

नवा घे, केदार म्हणतो हिंजवडीहून,
हप्ते मी भरतो.
मी म्हणते, बघू.
बघू म्हणजे नाही,
हे त्याला शाळेपासून ठाऊक आहे.

भांडी बाजार बंद होता त्या दिवशी
जेवणं आटोपल्यावर रद्दीचं पान पसरलं.
चार स्क्रूंपैकी चौथा कधीचाच हरवलाय,
तिथे माचिसची काडी खोचलेली.
झाकण सरकवलं आणि पंधरा वर्षांचं घर बाहेर आलं:
उदबत्तीची राख, खालच्या गिरणीचं पीठ,
झुरळाचा एक वाळलेला पंख,
आणि पंख्याच्या पात्यांवर काहीतरी तांबूस चमकणारं,
दुकानातून माझ्या पदराला चिकटून आलेला कीस.
रंगकामाच्या ब्रशने सगळं झटकलं.
रॅमची पट्टी काढली,
ओवीच्या खोडरबराने तिचे पिवळे दात घासले.
ओवीला तो खोडरबर परत नकोय.

आदल्या आठवड्यात एम. जी. रोडवर झुबेरने
जुनी डिस्क काढून नवी बसवली होती, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी.
ताई, याच्यात अजून जीव आहे, म्हणाला,
पण सुरू होताना सतरा जण एकदम उठतात,
लग्नघरासारखे, प्रत्येकाला आधी चहा.
चौदा जणांना मी झोपवलं.
कोण होते ते, कधी आले,
कुणी बोलावलं होतं त्यांना, कळलं नाही.

मामा दारात उभे राहून बघत होते.
कानांनी त्यांना कधीच सोडलंय,
चाळीस वर्षं तांबट लेनमध्ये घागरी ठोकल्या.
पंख्याची घरघर आम्हाला छळायची, त्यांना नाही,
ते फक्त येता-जाता डब्यावर तळवा ठेवायचे
आणि मान हलवायचे.

मी प्रोसेसरवरचं ते जड चाक उचललं.
खाली पांढरी पेस्ट, उगाळून राहिलेल्या गंधासारखी
वाळून तडकलेली.
ती स्पिरिटने पुसली तशी
मधोमध एक लालसर गोल दिसला.
मामांनी माझ्या हातातून घेतलं ते. विचारलं नाही.
नखाने खरवडलं, उजेडाकडे धरलं.
तांबं, म्हणाले. मोठ्याने, बहिरी माणसं बोलतात तसं.
आपलं तांबं या डब्यात काय करतंय?
उष्णता ओढून घेतं, मी खुणेने सांगितलं.
मग तेच करणार ना ते, म्हणाले,
बंबात काय करत होतं?

आणि निघाले स्वयंपाकघरात, चिंच-मीठ शोधायला.
मी ओरडले, पाणी नको! ऐकू कुणाला येणार?
घासलं त्यांनी. अंगठ्याने, गोल गोल,
ज्या अंगठ्याची ठेच अजून सरळ झालेली नाही.
मग तासभर ते खिडकीत पंख्याखाली ठेवलं,
आणि तासभर मामा शेजारी बसून राहिले,
जणू कावळा नेईल.

पेस्ट लावली, मुगाच्या दाण्याएवढी.
चाक बसवलं. काडी खोचली.
अठ्ठावीस सेकंद. पूर्वी माझा चहा पिऊन व्हायचा.
मामांनी तळवा ठेवला, बराच वेळ,
आणि या वेळी मान हलवली नाही.

संध्याकाळी जेवताना एकदम म्हणाले,
सव्वाशे ग्रॅम असेल.
काय?
ते तांबं. मोडीत घालायचं नाही.

तारखेचा सेल आणून ठेवलाय, वीस रुपयांचा,
नवसागराच्या डबीशेजारी.
बसवीन एखाद दिवशी.
आज सकाळीही एक जानेवारीच होती.